प्रवेशिका क्रमांक सतरा

मासळीचा कारखाना बंद पडला त्याला तीस वर्षं झाली,
तरी हवा दमट असली की भिंतींना अजून कॉडचा वास सुटतो.
दर जुलैत आम्ही त्या वासावर चित्रं टांगतो.

गॅनेट कोव्हचं वार्षिक कलाप्रदर्शन.
चिटणीस मी. म्हणजे खिळे माझे, शिडी माझी,
तक्रारीही माझ्याच.
सेल्बी पाइक विचारतो, माझा हिमनग
दरवर्षी मुतारीच्या दाराशीच का लागतो?
कारण हिमनग दरवर्षी तोच असतो, सेल्बी.
पण हे मी बोलत नाही.
चहाबरोबरचे मनुकांचे पाव त्याची बायको भाजते.

शाळेच्या पोरांनी दुधाच्या कॅनचे देवमासे केलेत.
पाद्रीबाईंनी धुकं काढलंय:
कोरा कागद, कोपऱ्यात सही.
अर्धं गाव हसलं, अर्ध्याला ते फार पटलं.

आणि सतरा नंबरला ट्रायफीना क्लाउटरचं पायपुसणं.
गोणपाटावर जुन्या कपड्यांच्या चिंध्या
आकड्यानं ओढून ओढून भरलेलं.
समुद्र नवऱ्याच्या कामावरच्या पँटींचा,
आभाळ कुणाच्या तरी विटक्या परकराचं,
आणि समुद्रावर घरं. तीन. तरंगणारी.
दारं, खिडक्या, एकाच्या धुराड्यातून करडा धूर,
पुढे इवल्याइवल्या होड्या, दोर ताणलेले.
धुरात थोडे कुत्र्याचे केसही आहेत,
ते घातलेत की पडलेत, सांगता येत नाही.

परीक्षक सेंट जॉन्सहून आले, पातळ तळव्यांचे बूट घालून.
सतरापाशी खूप वेळ थांबले. चष्मा वर, चष्मा खाली.
मग लिहिलं:
सर्वोत्कृष्ट कल्पनाशक्ती. फीत आणि शंभर डॉलर.

ट्रायफीनानं फीत
मासा ताजा की शिळा बघावं तशी उलटसुलट केली.
‘कल्पना कसली?
सरकार म्हणालं, बेट सोडा,
तिकडे रस्ता देतो, दिवे देतो, डॉक्टर देतो.
आम्ही घरांना पिंपं बांधली आणि लोटली पाण्यात.
हे आमचं. चूल पेटलेली होती.
आईनं निघताना बटाटे चढवले,
इथे लागेपर्यंत शिजले.’

कुणीतरी बशी फार हळू खाली ठेवली.
परीक्षकांचे कान लाल.
शब्द बदलतो म्हणाले, यादी चाळू लागले.
यादीत तसा दुसरा शब्द नव्हता.

टोरांटोच्या एका जोडप्यानं किंमत विचारली.
‘मग मी दाराशी काय घालू?’ ती म्हणाली.

मला कुणी काही विचारलं नाही.
तळाशी, डाव्या कोपऱ्यात, त्या निळ्यात
एक चौकोन आहे, जेमतेम गडद.
लक्ष नसलं तर वाटावं, एक चिंधी संपली,
दुसरी लावली असेल.
चौथं घर.
दोर तुटला तेव्हा वारा ईशान्येचा होता.
आजोबा होडीत उभे राहिले, टोपी हातात घेऊन,
छप्पर दिसेनासं होईतो.
पुढे आमच्या घरात हा विषय निघाला नाही.
वडलांनी फक्त नवा पाया दुप्पट खोल खणला,
शेजारी विचारत, तळघर करतोस काय?

ट्रायफीना तेव्हा अकरा-बारा वर्षांची.
कुठल्या खिडकीतून पाहिलं असेल तिनं?

सोमवारी मी तिच्याकडे गेलो.
फीत आणि पाकीट ती टेबलावरच टाकून गेली होती.
वाटेत चिखल, मागे धुक्याचा भोंगा.
पायपुसणं आपल्या जागी परत गेलेलं,
त्यावरचं कुत्रं मला बघून नाइलाजानं उठलं.
‘पाय पूस आणि ये आत,’ आतून आवाज आला.

खाली पाहिलं.
तिन्ही घरांवर चिखल होताच.
बूट काढून हातात धरले,
डाव्या कोपऱ्यावरून लांब ढांग टाकली.

‘बूट कशाला काढलेस?’ ती म्हणाली,
आणि उत्तराची वाट न बघता
पातेलं उतरवायला वळली.